मिनिटाला अडतीस फेऱ्या

२०२२ साली श्रावणातला तिसरा मंगळवार सोळा ऑगस्टला आला होता, आणि त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी धायरीत स्वतःच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये कुसुमताई वर्तकांचा डावा गुडघा कामातून गेला. वेळ इतकी नेमकी ठाऊक असण्याचं कारण असं, की कुसुमताईंचे यजमान गोपाळकृष्ण त्या वेळी हातात घड्याळ धरून फुगडीच्या फेऱ्या मोजत बसले होते. मंगळागौरीत पुरुषमाणसाने खुर्च्या लावाव्यात आणि दिसेनासं व्हावं, अशी रीत आहे. पण गोपाळकृष्णांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात, खडकवासल्याच्या धरणाची पातळी नोंदवण्यात गेली होती. जे जे म्हणून चढतं, उतरतं किंवा फिरतं ते मोजल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

फुगडी चालली होती कुसुमताई आणि रझिया शिकलगार यांची. दोघी मुलींच्या एकाच शाळेत शिक्षिका. १९८६च्या जूनमध्ये एकाच दिवशी रुजू झाल्या, आणि त्याच श्रावणात मोठ्या बाईंनी दोघींना पुढे उभं करून सांगितलं, "तुमची उंची सारखी आहे, वजनही सारखं दिसतंय. मुलींना फुगडी दाखवा." कुसुम मराठी शिकवायची, रझिया कवायत. तेव्हापासून छत्तीस वर्षं फुगडीला कुसुमच्या हातात रझियाचेच हात. मधल्या काळात दोघींची वजनं वाढली, पण सारखीच वाढली. तोल बिघडला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी मंगळागौरीचे खेळ करणारं 'भिंगरी महिला मंडळ' काढलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या नवविवाहितांना ते दाखवत फिरू लागल्या.

शाळेच्या चौकात शहाबादी फरशी होती. खरबरीत, थंड. तिच्यावर पाय घसरत नसे आणि चिकटतही नसे. आताच्या हॉलांतून हिरवा गालिचा अंथरतात, तो गवतासारखा दिसतो म्हणून लोकांना आवडतो. त्या दिवशी मंगळागौर होती चौथ्या मजल्यावरच्या राधाची. राधा हिंजवडीत आयटीत कामाला, नुकतंच लग्न झालेलं. गालिचा तिच्या सासरच्यांनी हौसेने आणला होता. एकविसाव्या फेरीला कुसुमताईंचा डावा पाय त्या गालिच्यात रुतला. पाय थांबला, कुसुमताई थांबल्या नाहीत. 'कट्' असा आवाज आला. तो हॉलच्या दारातल्या चपला सांभाळणाऱ्या वॉचमननेही ऐकला.

"पडलात का हो?" सगळ्या बायका धावल्या.

"पडले नाही," कुसुमताई जमिनीवर आडव्या पडून म्हणाल्या. "बसले."

दुसऱ्या दिवशी गुडघ्याचं कलिंगड झालं होतं. दहा दिवसांनी सूज उतरली आणि कुसुमताई चालू लागल्या, पण वळायला गेलं की गुडघा दगा देई. भाजीवाल्याकडून कोथिंबीर घेऊन वळल्या, गुडघा सटकला आणि त्या भोपळ्यांच्या ढिगाऱ्याला मिठी मारून उभ्या राहिल्या. भाजीवाला म्हणाला, "आजी, आवडला असेल तर घ्या की." तेव्हा एमआरआय झाला आणि प्रकरण डॉक्टर प्रियदर्शनींकडे गेलं.

डॉक्टर चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या की दुरुस्ती न करण्यासारखं बोलणाऱ्या. त्यांनी कुसुमताईंना आडवं केलं, नडगी धरून पुढे ओढली आणि म्हणाल्या, "आतला दोर तुटलाय. आणि मेनिस्कस फाटलीय."

"म्हणजे?"

"घाटात ट्रक बंद पडला की काय करतात? हँडब्रेक ओढतात आणि चाकाखाली दगड लावतात. तुमचा हँडब्रेक तुटलाय आणि दगडही फुटलाय. दोर आपण नवा करू, तुमच्याच मांडीमागची शीर काढून. मेनिस्कस म्हणजे दोन हाडांमधली गादी. तिचं काय करायचं ते ठरवावं लागेल. फाटलेला तुकडा कापून टाकला तर आठवड्यात चालाल. पण दगडाशिवाय नव्या हँडब्रेकवर ताण येतो, आणि पुढे हाडाला हाड घासतं. तुमची गादी बाहेरच्या कडेला फाटलीय. तिथे रक्त पोचतं, तिथे टाका लागू शकतो. पण शिवली तर सहा आठवडे त्या पायावर भार नाही, चार महिने उकिडवं बसणं नाही, मांडी नाही. आणि गुडघा पिळायचा नाही."

"आणि फुगडी?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "वय किती?"

"एकोणसाठ."

"या वयात मी सगळ्यांना हे ऑपरेशन करा म्हणत नाही. घरातल्या घरात चालायचं असेल तर व्यायामावरही भागतं. पण तुमची हाडं चांगली आहेत. गुडघा पंचेचाळीसचा आहे. फुगडीच घालायची असेल तर दोर हवा, गादी हवी, आणि एक वर्ष. एक वर्ष म्हणजे एक वर्ष."

कुसुमताईंनी घरी येताना रिक्षात एकदाच तोंड उघडलं. "पंचेचाळीसचा आहे म्हणाल्या." पुढच्या आठवड्यात हे वाक्य त्यांनी सोसायटीच्या दोन्ही इमारतींमध्ये पोचवलं. पण खरी काळजी वेगळीच होती. वर्षाने भिंगरी मंडळ पुन्हा उभं राहील तेव्हा रझियासमोर आपण असू, की भिंतीला टेकून टाळ्या वाजवणाऱ्यांत? एवढाच प्रश्न होता. तो त्यांनी कोणालाही विचारला नाही, आणि त्यामुळे सगळे भलत्याच प्रश्नांची उत्तरं देऊ लागले.

घरकाम करणाऱ्या सुंदराबाई जुन्या धायरी गावातल्या. त्यांनी फरशी पुसता पुसता निकाल दिला. "ताई, गादी उसवली म्हंजी शिवायची. कापून टाकायची म्हंता, त्ये काय चिंधी हाय व्हय? आन् वर एरंडाचं पान बांधायचं, कोमट करून. माज्या चुलत्याचा बैल लंगडत व्हता, पानावर बरा झाला."

"बैल फुगडी घालत नाही, सुंदराबाई."

"घालत न्हाय, पर तुमच्यापरीस दुप्पट वजन व्हतं त्येचं. थोडं जास्तीच."

सोसायटीच्या सेक्रेटरींना हे कळलं तेव्हा त्यांनी लोकशाही मार्गाने जायचं ठरवलं आणि सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कौल लावला: 'वर्तक वहिनींची मेनिस्कस: शिवावी की कापावी?' संध्याकाळपर्यंत शिवण्याच्या बाजूने एकेचाळीस, कापण्याच्या बाजूने बावीस, 'आयुर्वेद' म्हणून नऊ आणि 'आधी पार्किंगचा प्रश्न सोडवा' म्हणून तेरा मतं पडली. एका गृहस्थांनी सभासदांनाच मताधिकार असावा, भाडेकरूंना नसावा, असा मुद्दा काढला आणि पहिली मोजणी रद्द झाली. कुसुमताईंना स्वतःच्या गुडघ्याबद्दल मत देता आलं नाही, कारण फ्लॅट गोपाळकृष्णांच्या नावावर होता.

"शिवायची," रझिया फोनवर म्हणाली. "वर्ष लागलं तर लागू दे."

कौल तिथेच संपला.

गणपती उठले आणि तेरा सप्टेंबरला ऑपरेशन झालं. दोर नवा, गादीला तीन टाके. कुसुमताई लांब पट्ट्यात पाय अडकवून वॉकर घेऊन घरी आल्या. गोपाळकृष्णांनी त्याच दिवशी नवी नोंदवही उघडली. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'डावा गुडघा' लिहून खाली रकाने आखले: तारीख, वेळ, वाक, सूज, शेरा. डॉक्टरांनी पहिले काही आठवडे गुडघा नव्वद अंशांपुढे वाकवायचा नाही म्हणून सांगितलं होतं. तेवढं पुरेसं होतं. धोक्याची पातळी मिळाली की पाटबंधारे खात्याच्या माणसाला आणखी काही लागत नाही.

नातेवाइकांचे फोन येत. "कशी आहे वहिनींची तब्येत?"

"आज सकाळी सहाला बासष्ट अंश. काल अठ्ठावन्न होते. आवक चांगली आहे."

"आणि सूज?"

"विसर्ग सुरू आहे."

खडकवासल्याच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाला हे ऐकून इतकं भरून आलं, की त्याने विचारलं, "नदीकाठच्या लोकांना सावध करायचं का रे, गोपाळ?" गोपाळकृष्ण विनोद करत नसत आणि ओळखतही नसत. ते म्हणाले, "अजून नाही. नव्वदला करू."

गुडघा वाकवायचं एक यंत्र भाड्याने आणलं होतं. पाय त्यात ठेवला की ते आपोआप हळूहळू वाकवून सरळ करी. ते परत द्यायची वेळ आली तेव्हा रझियाचे यजमान जब्बारभाई म्हणाले, "वहिनी, असलं यंत्र मी बनवतो की. चार दिवस द्या." जब्बारभाईंचं बुधवार पेठेत रेडिओ, मिक्सर, पंखे दुरुस्तीचं दुकान. चाळीस वर्षांत त्यांनी एकही वस्तू 'होणार नाही' म्हणून परत पाठवली नव्हती. होत नसलेल्या वस्तू ते फक्त परत पाठवत नसत.

पाचव्या दिवशी जब्बारभाई टेबलफॅनच्या मोटरीवर बेतलेलं, फळीवर बसवलेलं, रेक्झिनची गादी लावलेलं यंत्र घेऊन आले. आधी उशीवर प्रयोग करायचा, असं गोपाळकृष्णांनी ठरवलं. बटण दाबलं. उशी वर गेली नाही की खाली आली नाही. ती डावीकडे वळली, मग उजवीकडे वळली, मग पुन्हा डावीकडे.

सगळे बराच वेळ बघत राहिले.

"नाही म्हणतेय," कुसुमताई म्हणाल्या.

"टेबलफॅन आहे ना वहिनी, मान वळवायची सवय," जब्बारभाई ओशाळून म्हणाले.

"डॉक्टरांनी एकच गोष्ट करायची नाही म्हणून सांगितलंय. गुडघा पिळायचा नाही. तुमचं यंत्र नेमकं तेवढंच करतं."

"थोडा बदल केला तर…"

"अहो, बदल नको," रझिया नवऱ्याला म्हणाली. "घरी न्या. आणि जाताना वाटेत कोणाचा पाय घालू नका त्यात."

एवढ्यावर निभावलं असतं, पण नोव्हेंबरात विमा कंपनीचं पत्र आलं. दावा नामंजूर. कारण: 'सदर इजा साहसी क्रीडाप्रकारात झालेली असल्याने.' खाली पॉलिसीतल्या साहसी क्रीडाप्रकारांची यादी जोडली होती. विमानातून उडी मारणे, हिमशिखरे चढणे, समुद्राच्या तळाशी पोहणे. शेवटी कोणीतरी पेनाने भर घातली होती: 'व तत्सम.'

कुसुमताईंनी ते पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा थोडं बरंही वाटलं. पण हे कशामुळे झालं ते शोधताना दाव्याच्या अर्जाची प्रत निघाली. 'इजा कशी झाली?' या रकान्यात गोपाळकृष्णांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'दोन व्यक्तींनी परस्परांचे हात तिढा घालून धरून, शरीरे मागे झुकवून, एका अक्षाभोवती अतिवेगाने परिभ्रमण करीत असता. वेग मिनिटाला अडतीस फेऱ्या. एकविसाव्या फेरीत एका व्यक्तीचा पाय स्थिर झाला, उर्वरित व्यक्ती फिरत राहिली.'

"अहो!" कुसुमताईंनी ती प्रत त्यांच्यापुढे धरली.

"यात चूक काय आहे?" गोपाळकृष्णांनी चष्मा लावून पुन्हा वाचलं. "अडतीसच होत्या."

"फुगडी! फुगडी एवढा एक शब्द लिहायचा!"

"रकान्यात 'कशी' विचारलं होतं. 'काय' विचारलं नव्हतं."

कंपनीला पत्र गेलं, की ही फुगडी आहे, साहस नव्हे. कंपनीचं उत्तर आलं, की तसं सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र जोडावं. मग गोपाळकृष्ण सक्षम अधिकारी शोधायला निघाले. क्रीडा कार्यालयातल्या कारकुनाने भिंतीवरची यादी दाखवली. "कबड्डी आहे, खो-खो आहे, मल्लखांब आहे. फुगडी नाही. म्हणजे फुगडी ही क्रीडा नाही."

"उत्तम. तेवढंच लेखी द्या."

"जे आमच्या यादीत नाही त्याबद्दल आम्ही लेखी कसं देणार?"

दुसऱ्या एका कार्यालयात लोककला पाहत होते. तिथल्या बाईंनी विचारलं, "पेशंट नोंदणीकृत लोककलावंत आहेत का?" नाहीत म्हटल्यावर त्यांनी सहानुभूतीने सांगितलं, की नोंदणीसाठी समितीसमोर कला सादर करून दाखवावी लागते. "काय सादर करणार?" "फुगडी." "मग घेऊन या की त्यांना." गोपाळकृष्णांनी घरी येऊन हे सगळं सांगितलं तेव्हा कुसुमताई वॉकरला धरून रांगत्या पोराला शिकवावं तसं स्वतःला एक पाऊल टाकायला शिकवत होत्या.

डिसेंबरात शेवटी कंपनीने प्रत्यक्ष पाहणीला माणूस पाठवला. नाव अभय. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, फाइल छातीशी. बूट त्याने दारात काढले, मोजे तसेच ठेवले. रझिया त्या वेळी वर्तकांकडेच होती, आणि सुंदराबाई भांडी घासून निघाल्या होत्या. त्या निघाल्या नाहीत.

"मॅडम, माझं काम एवढंच आहे, की या ॲक्टिव्हिटीत रिस्क किती आहे ते ठरवायचं."

"मुळीच नाही," रझिया म्हणाली.

"पण मॅडमचा गुडघा…"

"गालिच्यामुळे. या, दाखवते. द्या हात. असे नाही, तिढा घाला. पायाला पाय लावा. मागे रेला."

"मीच कशाला, तुम्ही दोघी…"

"म्या लुगड्यात हाय, फिरंन की," सुंदराबाई म्हणाल्या, "पर सायेब, कागदावर सही तुमची हाय. तुमी फिरल्याबिगर तुमाला कसं कळंल?"

मुद्दा बिनतोड होता. अभयने फाइल सोफ्यावर ठेवली. पहिली फेरी छान झाली. दुसऱ्या फेरीला तो हसला, लहानपणी हसला असेल तसा. तिसऱ्या फेरीला त्याचे मोजे चकचकीत फरशीवरून सुटले. रझियाने छत्तीस वर्षांत कधी कोणाचे हात सोडले नव्हते, ते तिने याही वेळी सोडले नाहीत. त्यामुळे तो उडाला नाही. तो तिच्या हातांना लोंबकळत, एक पाय पुढे आणि एक पाय अंगाखाली दुमडून, सावकाश खाली बसला.

'कट्.'

कुसुमताईंनी खुर्चीतून वाकून पाहिलं.

"मेनिस्कस," त्या म्हणाल्या.

"आणि दोर?" गोपाळकृष्णांनी नोंदवही उघडली होती.

"नाही. त्याचा आवाज जाड असतो."

डॉक्टर प्रियदर्शनींनी अभयला तपासलं आणि नेमकं तेच निदान केलं. त्यांनी विचारलं, "तुम्हाला कोणी आधी पाहिलंय का?" तो म्हणाला, "एका मॅडमनी. कानांनी." त्याची गादी आतल्या कडेला फाटली होती. तिथे रक्त पोचत नाही, म्हणून टाका न घालता तेवढा तुकडा काढला.

अंथरुणावर पडल्या पडल्या अभयला एक गोष्ट लख्ख दिसली. फुगडी धोक्याची आहे असा अहवाल दिला, तर त्याचा स्वतःचा दावाही साहसी क्रीडेत जाणार. म्हणून त्याने लिहिलं: 'सदर प्रकार हा चालण्या-फिरण्यासारखाच नित्य स्वरूपाचा असून कोणत्याही वयाच्या व्यक्तीने बसल्या जागी करण्यासारखा आहे.' कुसुमताईंचा दावा आठवड्यात मंजूर झाला. पण त्या अहवालावर त्या नाराजच राहिल्या. "बसल्या जागी!" त्या म्हणत. "समुद्राच्या तळाशी पोहण्यातून एकदम बसल्या जागी."

जानेवारीत पट्टा सुटला, काठी सुटली. फिजिओथेरपीत एका पायावर उभं राहायचं, मग डोळे मिटून उभं राहायचं, मग डुगडुगत्या फळीवर उभं राहायचं. मांडीला ताकद आली तरच गुडघा जागेवर राहतो, शिवलेली गादी आणि नवा दोर एकटे काही करू शकत नाहीत, असं तिथली मुलगी रोज सांगे. कुसुमताई मन लावून करत होत्या. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी गॅलरीत एका पायावर उभ्या असताना त्यांना समोरच्या हॉलच्या उघड्या दारातून भिंगरी मंडळाचा सराव दिसला. रझिया फुगडी घालत होती. समोर राधा होती.

राधाला त्या गालिच्याची टोचणी लागून राहिली होती, म्हणून ती मंडळात आली होती. एकोणतीस वर्षांची, सडसडीत, जिममध्ये जाणारी. रझियाचे पांढरे केस त्या वेगात उभे राहिले होते. कुसुमताईंनी फेऱ्या मोजल्या नाहीत. मोजायला घरात माणूस होता. त्याने आतून सांगितलं, "चव्वेचाळीस!"

त्या दिवशी त्यांचा दुसरा पाय जमिनीवर आला तो पुन्हा उचलला गेला नाही.

"तू रागावलीस," रझिया दुसऱ्या दिवशी म्हणाली.

"मी? छे. मंडळ चाललं पाहिजे."

"कुसुम, मी तुला छत्तीस वर्षं ओळखते."

"मग विचारतेस कशाला?"

रझियाने चहा संपवला. "राधा फार पुढे वाकते. मला तिला ओढून धरावं लागतं. पण मुलगी मेहनती आहे."

"असेल ना. पंचेचाळीसचा गुडघा असेल तिचाही."

"तिचा एकोणतीसचा आहे, कुसुम."



देवालाच दया आली असावी. त्या वर्षी पंचांगात अधिक श्रावण निघाला. अठरा जुलैला नुसताच अधिक महिना बसला, आणि खरा श्रावण ऑगस्टच्या मध्यावर गेला. गोपाळकृष्णांनी कॅलेंडर उलगडून हिशेब मांडला. शेवटची मंगळागौर आणि तिच्या संध्याकाळी सिंहगड रस्त्यावरच्या मंडळांची स्पर्धा, बारा सप्टेंबर. ऑपरेशनला वर्ष पूर्ण होणार तेरा सप्टेंबरला.

"म्हणजे झालंच की वर्ष," कुसुमताई म्हणाल्या.

"एक दिवस कमी आहे."

"एका दिवसाने काय होतंय?"

"धरण फुटायला एक दिवस पुरतो."

डॉक्टर प्रियदर्शनींना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तेराला सव्वादहाला या. तपासून सांगते." आणि ठेवला.

तेव्हा बारा तारखेला कुसुमताई भिंगरी मंडळाच्या हिरव्या नऊवारीत रंगमंचाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. त्यांच्याकडे पकवा होता. फुगडीला तोंडाने जो ठेका धरतात तो. पाय ज्याचे त्याचे, पण वेग पकवा धरणाऱ्याच्या हातात. राधा आणि रझिया पुढे आल्या, हात अडकवले, पाय जुळवले. कुसुमताईंनी ठेका धरला. फेऱ्या सुरू झाल्या. लोकांनी टाळ्या धरल्या. आता वेग वाढायचा, ठेका चढायचा. कुसुमताईंचा चढला नाही. राधाने दोनदा मान वळवून पाहिलं. ठेका जसा होता तसा, सासरी चाललेल्या बैलगाडीसारखा. मिनिटाला अडतीसच्या पुढे तो त्या संध्याकाळी गेला नाही.

मंडळाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांनी 'वयोवृद्ध सादरीकरण' असा शेरा दिला, तो राधाला फार लागला.

रझिया विंगेत घाम पुसत आली. "ठेका का ओढलास?"

"दम लागला."

"बसून?"

कुसुमताईंनी नऊवारीचा काष्टा सारखा केला, तो आधीच सारखा होता. रझिया त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. समोर आभारप्रदर्शन चाललं होतं. माइकवाल्याचेही आभार मानून झाले.

"उद्या किती वाजता आहे डॉक्टरांकडे?"

"सव्वादहा."

"मी येते. साडी नेसू नकोस. पंजाबी ड्रेस घाल."

तेराला सकाळी दवाखान्यात गर्दी होती. पट्टे, काठ्या, वॉकर. अभयही होता, तपासणीसाठी आला होता. त्याने उठून जागा दिली आणि रझियापासून दोन खुर्च्या लांब जाऊन बसला. आत डॉक्टरांनी कुसुमताईंची नडगी ओढली. पुढे सरकली आणि भिंतीला लागावी तशी थांबली. गुडघा वळवून पाहिला, सटकला नाही. सांध्याच्या कडेला बोटं दाबली, दुखलं नाही. मग एका पायावर उडी. आधी उजव्या, मग डाव्या. गोपाळकृष्ण टेप घेऊन गुडघ्यांवर बसले.

"उजवा चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. डावा अठ्ठ्याहत्तर. त्र्याण्णव टक्के. धरण भरलं, डॉक्टर."

"नव्वदच्या वर चालतं," डॉक्टर म्हणाल्या. "दोर घट्ट आहे, गादी धरलीय. हळूहळू सुरू करा."

"फुगडी?"

"हळूहळू."

"हळूहळू म्हणजे किती फेऱ्या?" दारातून रझियाने विचारलं.

डॉक्टरांनी दोघींकडे पाहिलं. बाहेर बावीस पेशंट बसले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं. "चार. माझ्यासमोर. आणि इथे नाही, जागा नाही. बाहेर."

बाहेरच्या खोलीत खुर्च्या मागे सरकल्या. चपला काढल्या. खाली फरशी होती, साधी, जुनी, जागोजागी टवके उडालेली. दोघींनी हात तिढा घालून धरले, पायाला पाय लावले.

"रेल," रझिया म्हणाली.

"रेलतेय."

"कुठे रेलतेस? बसस्टॉपवर उभी असल्यासारखी उभी आहेस."

"सटकला तर?"

"मग मी बसेन खाली. तू माझ्यावर पडशील. अभयरावांना विचार, मी सोडत नाही."

"नाही सोडत," अभय भिंतीजवळून मनापासून म्हणाला.

तेव्हा कुसुमताईंनी डोळे मिटले आणि मागे भार टाकला. फुगडीत तेवढंच असतं. आपलं सगळं वजन समोरच्याला देऊन टाकायचं आणि त्याचं आपण घ्यायचं. जो राखून ठेवतो तो पडतो. पाय हलले. एक. डाव्या पायाने विचार केला आणि मग केला नाही. दोन. कोणीतरी वॉकर आपटून ठेका धरला. तीन. पायाला प्लास्टर असलेल्या एका आजोबांनी 'वा!' म्हटलं. चार झाल्या, तेव्हा त्या थांबल्या नाहीत. पाचवी झाली. रझियाचे पांढरे केस उभे राहिले होते आणि कुसुमताई मोठमोठ्याने हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी कानांकडे चाललं होतं.

"चारच म्हटलं होतं मी," डॉक्टर म्हणाल्या.

"पाचवी थांबण्यासाठी लागते," गोपाळकृष्णांनी स्पष्ट केलं. "दरवाजे एकदम बंद करता येत नाहीत."

त्यानंतरची हकिगत अशी. डॉक्टर प्रियदर्शनींनी आपल्या तपासणीच्या कागदावर शेवटच्या ओळीत 'फुगडी (४)' असं छापून घेतलं आहे. पुरुष पेशंट त्याचा अर्थ विचारतात, त्या सांगत नाहीत. अभयचा दावा त्याच्याच कंपनीत अजून प्रलंबित आहे, कारण 'कर्तव्यावर असताना फुगडी' असा रकाना अर्जात नाही. जब्बारभाईंनी ते यंत्र आपल्या नातीच्या, अर्शियाच्या पाळण्याला जोडलं. पाळणा उत्तम हलतो, आणि अर्शिया हल्ली काही विचारलं की मान डावीकडे-उजवीकडे हलवते. सुंदराबाई सगळ्यांना सांगतात, की गुडघा एरंडाच्या पानानेच बरा झाला. पान कुसुमताईंनी कधी बांधलंच नव्हतं, यावर त्यांचं म्हणणं असं, की मग बांधलं असतं तर सहा महिन्यांत झाला असता. राधा नवऱ्याबरोबर बंगळूरला गेली आणि तिकडच्या मराठी मंडळात मिनिटाला पन्नास फेऱ्यांची फुगडी शिकवते. गोपाळकृष्णांची नोंदवही शंभर टक्क्यांना बंद झाली. त्यांनी सध्या समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवलं आहे.

भिंगरी मंडळ चालू आहे. कुसुमताई आणि रझिया अजून शेवटची फुगडी घालतात. दोघींच्या चार गुडघ्यांपैकी आता तीनच धड आहेत, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. चौथा कोणाचा, ते दोघी सांगत नाहीत.